जरा हात लावा

मार्कंडेय नदीच्या काठावरून कंग्राळी खुर्द गावाकडे येणाऱ्या पाणंदीवर, आश्विनातल्या एका पहाटे, दिवस पुरता उजाडलेला नसताना, एक वृद्ध बाई बांधाच्या कडेला उभ्या असलेल्या मला दिसल्या. त्यांच्या पायाशी मेथीच्या आणि शेपूच्या जुड्यांनी शिगोशीग भरलेली बुट्टी होती, तिच्यावर ओले गोणपाट अंथरलेले होते, आणि लुगड्याच्या जुन्या तुकड्याची वळलेली चुंबळ त्यांनी आधीच डोक्यावर बसवून ठेवली होती. त्या कोणाची तरी वाट पाहत होत्या. परंतु अमुक एकाची नव्हे, जो कोणी त्या वाटेने येईल त्याची. मी जवळ आलो तेव्हा, जणू आमचा रोजचा परिचय असावा अशा सहज स्वरात, त्या म्हणाल्या, "अण्णा, जरा हात लावा."

मी वाकलो. एका बाजूने त्यांनी आणि दुसऱ्या बाजूने मी धरलेली ती बुट्टी गुडघ्यापर्यंत, मग छातीपर्यंत आणि अखेरीस चुंबळीवर चढली. त्यांची मान क्षणभर थरथरली, पाय जमिनीवर नीट रोवले गेले, आणि लगेच त्या अशा ताठ चालू लागल्या की काही वेळापूर्वी हीच बाई त्या ओझ्यापुढे असहाय उभी होती यावर विश्वास बसू नये. त्यांनी आभार मानले नाहीत. मी तशी अपेक्षाही केली नव्हती. पण थांब्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालताना मी विचारले, की वाटेवर कोणी आलेच नाही तर काय करता? "येतंय की कोणतरी," त्या म्हणाल्या. "वझं माझं, नेतो मीच. खरं एकटीला डोक्यावर येत न्हाई." या मुलखातल्या बायका 'मी आलो, मी नेतो' असेच बोलतात, आणि इथला 'खरं' म्हणजे आपला 'पण'.

संपादकांनी या अंकासाठी दिलेला विषय होता, नित्याचा चांगुलपणा आणि संकटातली चिकाटी. हे दोन स्वतंत्र विषय असून त्यांची सांगड घालणे ही लेखकाची जबाबदारी आहे, अशा समजुतीने मी आषाढापासून आश्विनापर्यंत तीन वेळा कंग्राळीला आणि एकदा निपाणीला गेलो. त्या सांगडीचे काम त्या बुट्टीवाल्या मावशींच्या एका वाक्याने केले. ओझे ज्याचे त्यानेच वाहायचे, ही चिकाटी; आणि ते डोक्यावर चढविण्यापुरता दुसऱ्याचा हात, हा चांगुलपणा. या फेऱ्यांत जे मी पाहिले ते सारे या दोन हातांच्या मधल्या बुट्टीभोवतीच फिरत राहिले.

खुर्द आणि बुद्रुक

कंग्राळी नावाची गावे दोन. बेळगाव शहराच्या वायव्य अंगाला, एकमेकांपासून फार दूर नसलेली कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक. खुर्द म्हणजे धाकटे आणि बुद्रुक म्हणजे 'बुजुर्ग', थोरले. फारसी दप्तराने महसुलाच्या सोयीसाठी चिकटविलेली ही विशेषणे शेकडो वर्षे उलटली तरी सुटलेली नाहीत. पश्चिमेच्या डोंगराळ भागातून येणारी मार्कंडेय नदी राकसकोपच्या जलाशयात अडते, तिथून बेळगावची तहान भागवते, आणि उरलेले पाणी घेऊन इकडच्या शिवारांना वळसा घालीत काकतीच्या दिशेने निघून जाते. पुढे गोकाकच्या बाजूला ती घटप्रभेला मिळते. काठच्या जमिनीत भात, ऊस, बटाटा, रताळी आणि भाजीपाला होतो. कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार कंग्राळीच्या वाटेवरच असल्यामुळे ट्रकांची वर्दळ दिवसरात्र चालते, आणि शहराची वाढ आता गावाच्या वेशीला येऊन टेकली आहे.

इथल्या घरांचा चरितार्थ एका धंद्यावर कधीच उभा नसतो. एका कुटुंबात थोरला उद्यमबागेतल्या ओतकाम कारखान्यात पाळीवर जातो, धाकटा गवंड्याच्या हाताखाली राबतो, सून दुधाच्या किटल्या शहरात पोचविते, आणि एखादा चुलता मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त होऊन पाटाच्या पाण्याची पाळी सांभाळीत बसलेला असतो; कारण या पलटणीचे प्रशिक्षण केंद्र बेळगावातच आहे आणि सैन्यातली नोकरी ही इथल्या घराघरांतली जुनी परंपरा आहे.

हा मुलूख चिकाटीसाठी जो सर्वत्र ओळखला जातो तो एका वेगळ्या कारणाने. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले. त्याच वर्षीच्या १७ जानेवारीचे हुतात्मे आणि १९८६ च्या जूनमधल्या आंदोलनाचे हुतात्मे यांचे स्मरण इथली मराठी माणसे आजही दरवर्षी करतात, हिंडलग्याचे स्मारक फुलांनी झाकले जाते, आणि महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या सीमावादाच्या दाव्याच्या प्रत्येक तारखेकडे गावोगावच्या पारांवर डोळे लागलेले असतात. ती सार्वजनिक चिकाटी इतिहासात नोंदली गेली आहे. मला पाहायची होती ती, जिची कोठेच नोंद होत नाही. आणि पहिल्या काही दिवसांतच माझ्या ध्यानात आले, की पहिली चिकाटी ज्या मातीत रुजली ती माती ही दुसरीच आहे.

पैऱ्याची बाकी

आषाढात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा भाताची लावण चालली होती. या बाजूला कोरड्या जमिनीत बी टाकून केलेली धूळवाफ पेरणीही पुष्कळ होते. परंतु जिथे चिखलणी करून रोप लावतात तिथे काळाचे गणित फार निष्ठुर असते. तरव्यातले रोप तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की ते उपटून लावावे लागते. दिवस चुकला की रोप जून होते, फुटवे कमी धरते, आणि त्या एका आळसाची किंमत दिवाळीच्या सुमारास खळ्यावर मोजावी लागते. चिखल तयार झाला, पाणी आहे, रोप तयार आहे, अशा स्थितीत घरातल्या दोघीतिघींनी आठ दिवस लावण करीत बसणे परवडत नाही. तेच काम बारा जणींनी एका दिवसात उरकावे लागते. या निकडीतून 'पैरा' जन्मला.

पैरा म्हणजे श्रमाची उसनवार. आज माझ्या वावरात तुम्ही, उद्या तुमच्या वावरात मी; पैसा मध्ये येत नाही. बारा जणी पाठी वाकवून, प्लॅस्टिकच्या कागदांच्या खोळी डोक्यावरून घेऊन, एका ओळीत मागे मागे सरकत होत्या आणि प्रत्येकीच्या डाव्या हातातली रोपाची मूठ क्षणाक्षणाने उजव्या हातात रिती होत होती. त्या शेताच्या मालकीणबाईंच्या यजमानांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आहे. नांगरटीला शेजाऱ्याचा पॉवर टिलर आला. लावणीला गल्ली आली. या मोबदल्यात दुसऱ्यांच्या शेतात जायला त्या बाईंना मात्र सवड नाही, कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसभर एकटे सोडता येत नाही. मी ओळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना विचारले, की मग यांचा पैरा तुम्ही माफ करता का?

त्या कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. माझा प्रश्न त्यांना रुचला नसावा. "माफ कशाला?" त्या म्हणाल्या. "बाकी हाय. फेडतील की सवडीनं."

या उत्तराचा विचार मी पुढे कितीतरी दिवस करीत होतो. माफ केलेले कर्ज ही दात्याची थोरवी असते, आणि घेणाऱ्याच्या कपाळावरचा तो कायमचा शिक्का असतो. बाकी ठेवलेला पैरा ही मात्र बरोबरीच्या दोन माणसांमधली चालू व्यवहाराची नोंद असते. ती बाई कदाचित कधीही फेडू शकणार नाही, हे बारा जणींना ठाऊक आहे आणि त्या बाईलाही ठाऊक आहे; तथापि 'बाकी' या एका शब्दाच्या आडोशाने तिची मान ताठ राहते. जुन्या दप्तरात हिशेब पुरता चुकता झाला की त्याला 'बेबाक' म्हणत. सावकार आणि कूळ यांच्यामधला हिशेब बेबाक होणे हे भाग्य. शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधला हिशेब बेबाक होणे म्हणजे नाते संपणे. कंग्राळीतला चांगुलपणा टिकून आहे तो मने विशेष कोमल आहेत म्हणून नव्हे, तर इथला हिशेब कोणी पुरता मिटवीतच नाही म्हणून.

आहेराची वही

हिशेबाची दुसरी तऱ्हा मी एका पडवीत पाहिली. घरातल्या आजोबांनी देवघराशेजारच्या फडताळातून, मेणकापडात गुंडाळलेली, लाल पुठ्ठ्याची लांबट वही काढून माझ्यापुढे ठेवली. ती त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नातल्या आहेराची वही. पहिल्या पानावर वरच्या बाजूला 'श्री', खाली कुंकवाची बोटे, आणि मग निळ्या शाईतली एकाखाली एक नावे: कोणी ११ रुपये, कोणी ५१, कोणी पातेले, कोणी खणाचा तुकडा आणि नारळ. काही नावांपुढे पुढच्या काळात शिसपेन्सिलीने बारीक फुल्या केलेल्या होत्या. ज्याच्या घरच्या कार्यात तोडीस तोड आहेर परत गेला त्याच्या नावापुढे फुली. वही फाटली तरी टाकायची नाही, असा शिरस्ता आहे. बापाच्या वहीवरून मुलगा आहेर फेडतो.

मी पाने उलटीत होतो. आजोबांना विचारले, "लग्नाची वही आहे, बारशाची आहे, घरभरणीची आहे, मयताची कोठे आहे?"

"मयताची वही नसतीया," ते म्हणाले, आणि थोडे थांबून त्यांनी पुन्हा तेच शब्द उच्चारले.

तरीही मयताच्या घरी जे येते ते लग्नातल्या आहेराहून थोडे नसते. ज्या घरात मृत्यू झाला तिथली चूल पेटत नाही. शेजारून पिठले येते, भात येतो, मागच्या दाराने दुधाचा तांब्या येतो. लाकडे कोण आणील, तिरडी कोण बांधील, परगावच्या लेकीला निरोप कोण देईल, म्हशीची धार कोण काढील, याची वाटणी कोणी मुक्रर न करताच होऊन जाते. ओतकामाच्या रात्रपाळीवरून परतलेला तरुण अंघोळही न करता सरणाची लाकडे भरायला जातो. रक्षाविसर्जन होईपर्यंत आणि त्यानंतरही त्या घरच्या बाईला विहिरीवर वा नळावर एकटीने जाऊ देत नाहीत. कोणीतरी 'मलाबी पाणी आणायचंच हाय' असे म्हणून तिच्याबरोबर निघते. हे वाक्य बहुधा खरे नसते, आणि म्हणूनच ते मोलाचे असते. दुःखी माणसाला आपल्यासाठी कोणी मुद्दाम आले आहे याचेही ओझे होते, हे ओळखून जो सांत्वनाला कामाचे रूप देतो त्याच्याइतके सूक्ष्म मन मी मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचितच पाहिले आहे.

सुखातली देवघेव लिहून ठेवावी लागते, कारण तिच्यात मान असतो आणि मानाला प्रमाण लागते. दुःखातली देवघेव लिहीत नाहीत. ती लिहिली तर फेडण्यासाठी दुसऱ्याच्या घरी मृत्यूची वाट पाहावी लागेल. आजोबांनी ती वही पुन्हा मेणकापडात गुंडाळली तेव्हा त्यांच्या 'नसतीया' या एका शब्दात केवढे धर्मशास्त्र होते ते मला कळले.

पुराचे पाणी आणि पंचनाम्याचा कागद

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पहिल्या पंधरवड्याचा विषय कंग्राळीत कोणत्याही घरी काढला, तरी माणसे आधी नदीच्या दिशेला पाहतात आणि मग बोलू लागतात. त्या पावसाने कर्नाटकात बेळगाव जिल्ह्याची सर्वांत मोठी हानी केली. मार्कंडेयेने पात्र सोडले, काठची भाताची आणि उसाची शिवारे पाण्याखाली गेली. रात्रंदिवसाच्या संततधारेने मातीच्या भिंती आतून भिजून फुगल्या, आणि पाणी जिथे पोचलेही नव्हते तिथलीही जुनी घरे खचली. मातीचे घर पडण्यापूर्वी बारीक बारीक माती सांडल्याचा आवाज येतो, असे एका गृहस्थांनी मला सांगितले. तो आवाज ऐकून त्यांच्या शेजाऱ्याने भरपावसात दार ठोठावले आणि सात माणसे बाहेर काढली. त्यांतली एक बाळंतीण होती. त्या रात्रीपासून पुढचे कित्येक दिवस ती सात माणसे शेजाऱ्याच्या दोन खोल्यांत राहिली.

जीव वाचविण्याचे शौर्य लोकांच्या लक्षात राहते. मला अधिक ऐकायचे होते ते त्यानंतरच्या महिन्यांविषयी; कारण पूर ओसरला म्हणजे संकट सरले असे होत नाही, ते कागदावर येते. शासनाने पूरग्रस्त कुटुंबांना तातडीची १०,००० रुपयांची मदत आणि पूर्ण पडलेल्या घरासाठी ५ लाख रुपये जाहीर केले होते. परंतु घर पूर्ण पडले की अंशतः, याचा पंचनामा व्हायचा होता. उतारा, ओळखपत्र, बँकेचे खाते, छायाचित्रे सारे जोडून अर्ज गुदरायचा होता. आणि तो अर्ज कानडीत होता. ज्यांची सारी अक्षरओळख मराठी शाळेत झाली अशा वयस्कर माणसांना त्या गोलाकार अक्षरांपुढे बसल्यावर काय वाटले असेल, याची कल्पना ज्याने परक्या लिपीत आपल्या घराचे भवितव्य लिहिलेले पाहिले आहे त्यालाच येईल.

त्या दिवसांत एका गल्लीतल्या ओट्यावर रोज संध्याकाळी एक कानडीभाषक शिक्षक येऊन बसत, असे मला तिघांनी वेगवेगळे सांगितले. ते अर्ज मोठ्याने वाचीत, आणि ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटे की त्यातले निम्मे शब्द आपल्या ओळखीचे आहेत. अर्जाला कानडीत 'अर्जी', जमिनीला 'जमीनु', तारखेला 'तारीखु', खात्याला 'खाते', सहीला 'सही'; तहसीलदार आणि पंचनामा हे तर दोन्हींकडचे. ज्या जुन्या दप्तराने खुर्द आणि बुद्रुक ही नावे दिली, त्याच दप्तराने हा सामाईक शब्दसंग्रह दोन्ही भाषांच्या पदरात टाकलेला होता. शिक्षक रकाने भरीत, म्हाताऱ्या बाया अंगठ्याला शाई लावून घेत, आणि कोणाच्या तरी घरातून चहा येई. भाषेच्या प्रश्नावर त्या ओट्यावरच्या कोणीही आपले मत बदलले नाही. आपल्या कागदावर आपल्या भाषेचा हक्क असावा, ही मागणी तितकीच न्याय्य राहिली; परंतु न्याय मिळेपर्यंतच्या मधल्या काळात माणसाला माणसाचा हात लागतो, आणि तो त्या ओट्यावर मिळाला.

काही घरांना मदत मिळाली, काहींचे कागद त्रुटीसाठी परत आले. परत आलेले कागद घेऊन तीच माणसे पुन्हा गेली. एका बाईने मोजून सांगितले, की तिने कचेरीच्या १४ फेऱ्या केल्या आणि त्यांतल्या एकाही फेरीत ती एकटी नव्हती. प्रत्येक वेळी कोणीतरी आपली रोजंदारी बुडवून तिच्याबरोबर गेले होते. चिकाटी तिची, पण चौदा दिवसांची बुडालेली मजुरी गल्लीची.

हजार विड्यांचा दिवस

बेळगावहून उत्तरेला पाऊणशे किलोमीटरच्या आसपास निपाणी आहे. तंबाखूचे हे जुने पेठेचे गाव सबंध महाराष्ट्राला ठाऊक झाले ते १९८१ च्या आंदोलनाने. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला रास्त भाव मागण्यासाठी शेतकरी महामार्गावर ठाण मांडून बसले आणि एप्रिलमधल्या गोळीबारात १२ जणांनी प्राण गमावले. तंबाखूच्या वखारींत आणि विडीच्या धंद्यात राबणाऱ्या स्त्रियांचे जिणे त्याच सुमारास अनिल अवचटांच्या लेखनातून मराठी वाचकांपुढे आले, आणि सुभाष जोशींसारख्या कार्यकर्त्यांनी त्यांची संघटना बांधली. त्या स्त्रियांच्या लेकी-सुना आज विड्या वळतात.

दुपारच्या वेळी एका अरुंद बोळात, दाराच्या उजेडाला बसलेल्या चौघीजणी मी पाहिल्या. प्रत्येकीच्या मांडीवर सूप. रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, बोटांच्या टोकांनी निमुळती वळायची, तोंड नखाने आत दुमडायचे आणि दोऱ्याचा वेढा द्यायचा. इतके सारे होते ते बोलता बोलता, आणि पुढची विडी सुरू झालेली असते. २५ विड्यांचे एक बंडल, अशी ४० बंडले झाली की हजार. मजुरी हजारावर मिळते, आणि तेवढ्या वळायला तरबेज हातालाही सकाळपासून दिवे लागेपर्यंतचा काळ लागतो. धुळीने खोकला येतो, मान आखडते, नजर अधू होते. आणि ज्या वस्तूसाठी हे सारे, ती वस्तू ओढणाऱ्याचाही जीव पोखरते. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याणनिधीचा कायदा झाला. ओळखपत्र असले आणि कामाची नोंद नियमित असली, तर त्यांतून औषधोपचार, मुलांची शिष्यवृत्ती असे काही पदरात पडते.

म्हणूनच नोंद खंडू देणे परवडत नाही. चौघींतल्या एकीच्या हाताला त्या आठवड्यात पू झाला होता. पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ती नुसतीच पाने पुसून देत होती. उरलेल्या तिघींपुढे मात्र चार ढीग होते. चौथा ढीग तिचा. स्वतःच्या ढिगात तीन विड्या टाकल्या की एक विडी तिच्या ढिगात, असे कोणी ठरविलेले मला सांगितले नाही. परंतु अर्धा तास मी पाहत होतो आणि त्या क्रमात एकदाही खंड पडला नाही. मोजीत कोणीच नव्हते. मी विचारल्यावर त्यांतली थोरली म्हणाली, "मागल्या सालात माझं ऑपरेशन झालं, तवा हिनं केल्त्या." एवढे बोलून तिने दोरा दातांनी तोडला.

बेळगावातले एक घर

परतताना बेळगावात एक दिवस मुक्काम होता. टिळकवाडीच्या शांत रस्त्यांवरून हिंडताना याच शहरात आयुष्य वेचलेल्या एका कवयित्रीचे स्मरण होणे अपरिहार्य होते. इंदिरा संत यांचे पती, प्राध्यापक नारायण संत, १९४६ साली अकस्मात वारले. दोघांच्या कवितांचा 'सहवास' हा संग्रह त्याआधीच प्रसिद्ध झालेला होता. आता ते नाव आणि तीन लहान मुले एवढेच मागे उरले. बत्तिशीतल्या त्या स्त्रीने शिक्षिकांना घडविणाऱ्या विद्यालयात नोकरी केली, मुले वाढविली, पुढे त्याच क्षेत्रात प्राचार्यपद भूषविले, आणि पाच वर्षांनी, १९५१ मध्ये, 'शेला' हा त्यांचा संग्रह आला. 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९८४ साली मिळाला, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठलेली होती.

त्यांच्या कवितेतल्या विरहाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्या दिवशी राहून राहून जाणवत होते ते निराळेच. दुःख पेलायला प्रतिभा लागत असेल; परंतु सकाळी सातला तीन डबे भरायला, शाळेची घंटा गाठायला आणि महिनाअखेरचा वाण्याचा हिशेब जुळवायला जी शक्ती लागते ती प्रतिभेहून वेगळी असते, आणि ती या गल्ल्यांतल्या सामान्य बायकांकडे असते तीच होती. त्यांचे पुत्र प्रकाश संत यांनी उत्तरायुष्यात लंपनच्या कथा लिहिल्या. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या या मुलाच्या एकाकीपणाला 'वनवास'मध्ये सांभाळून घेतात ती भोवतालची साधीसुधी माणसे, आणि त्यांच्या तोंडी असते हीच कानडीच्या शेजाराने वाकलेली मराठी. मराठी साहित्यात बेळगावचे जे स्थान आहे ते या बोलीतल्या ममतेमुळे आहे, असे मला मनापासून वाटते.

आटत चाललेली वहिवाट

ज्या वाटेने लोक पिढ्यान् पिढ्या बिनतक्रार जात-येत असतात तिच्यावर त्यांचा हक्क प्रस्थापित होतो; कायद्याच्या भाषेत त्याला वहिवाट म्हणतात. चांगुलपणाचीही वहिवाट असते, आणि जमिनीच्या वहिवाटीप्रमाणेच ती वापरात नसली तर बुजते. कंग्राळीत ती बुजू लागल्याची चिन्हे मी पाहिली, आणि ती सांगितली नाहीत तर या लेखाला खोटेपणा येईल.

शिवारातल्या जमिनी घरांच्या प्लॉटांसाठी विकल्या जात आहेत. जिथे शेत उरले आहे तिथे नांगरट, मळणी आणि कापणीही यंत्राने, तासाच्या भाड्यावर होते. भाडे दिले की हिशेब त्याच क्षणी बेबाक. पाठीचे हाल वाचले, ही गोष्ट थोडी नव्हे, आणि बारा बायकांनी चिखलात वाकावे म्हणून यंत्र नको म्हणणे हा क्रूरपणा होईल. परंतु पैरा गेला की पैऱ्याबरोबर चालणारी चौकशीही जाते. नव्या वसाहतीत राहायला आलेल्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनी मला सांगितले, की शेजारच्या घरातला मृत्यू त्यांना तिसऱ्या दिवशी कळला. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला होता.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. या चांगुलपणाचा बहुतेक भार बायकांच्या डोक्यावर आहे. पिठले करणारी ती, आजाऱ्याची कूस बदलणारी ती, आपल्या ढिगातली विडी दुसरीच्या ढिगात टाकणारीही तीच. आणि ती स्वतः आजारी पडली की घरातले पुरुष गोंधळून उभे राहतात. शिवाय गल्लीची माया कैकदा गल्लीपुरतीच असते. जात, भावकी आणि जुने वैर यांच्या कुंपणाशी ती अडखळते, हे मला नाकारता येत नाही.

तरीसुद्धा वहिवाट नव्या वाटाही काढते. जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला आणि त्याच वर्षी गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २,००० रुपये घरच्या कर्त्या बाईच्या नावे येऊ लागले. एका बचत गटातल्या बायकांनी त्या पैशांतून थोडीथोडी रक्कम वेगळी काढली आहे. ती कर्जाऊ देत नाहीत. गटातल्या जिच्या घरी दवाखाना निघेल तिने ती उचलायची आणि जमेल तेव्हा जमेल तशी परत टाकायची. वहीत त्या रकमेसमोर मुदतीचा रकाना कोरा ठेवलेला आहे. वही लिहिणारी मुलगी पदवीच्या वर्गात शिकते. मुदत का लिहीत नाहीस, असे विचारल्यावर ती हसून म्हणाली, "आज्जी म्हणाली, बाकी असू दे."

संध्याकाळची बुट्टी

निघण्याच्या दिवशी सूर्य कलताना मी पुन्हा थांब्यावर होतो. शहराकडून आलेल्या बसमधून बायका उतरत होत्या; बुट्ट्या आता रिकाम्या होत्या आणि त्या एकीच्या बुट्टीत दुसरीची अशा रचून, कमरेवर घेऊन, त्या गप्पा मारीत गावात शिरत होत्या. आश्विनातल्या पहाटेच्या मावशी सर्वांत शेवटी उतरल्या. त्यांच्या बुट्टीत मात्र वजन होते: शेजारणीच्या नातवाची पुस्तके, कोणाची तरी औषधे, आणि तेलाचा डबा. भाजी विकून येताना गल्लीतल्या चार घरांचे सामान त्या आणतात. जिला बाजारात जाता येत नाही तिचे पहिल्यांदा.

मी पुढे झालो, परंतु माझ्याआधीच थांब्यावर उभ्या असलेल्या एका शाळकरी मुलाने दप्तर खाली ठेवले आणि न विचारताच बुट्टीची दुसरी कड धरली. मावशींनी चुंबळ सारखी केली. बुट्टी वर गेली. मुलगा दप्तर खांद्याला लावून आपल्या वाटेने निघाला, मावशी आपल्या, आणि दोघांनीही मागे वळून पाहिले नाही.